सॅन फ्रान्सिस्को ते रामाकोना : किती तास?

मंडळाच्या कार्यक्रमात नवीन ओळख झाली की "तुम्ही मूळच्या कुठल्या?" हा प्रश्न येतोच. मी रामाकोना म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर थोडा गोंधळ दिसतो. मग मी सांगते, नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागायचं. सावनेर गेलं की मध्य प्रदेश सुरू होतो, मग सौंसर आणि त्याच्या थोडं पुढे कन्हान नदीकाठी आमचं गाव. पूर्वी जिल्हा छिंदवाडा होता, २०२३ पासून पांढुर्णा. मध्य प्रदेशात असूनही घरात मराठी कशी, असा पुढचा प्रश्न असतो. त्याचं उत्तर सोपं आहे. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी नागपूरच होती. सीमारेषा नंतर हलली, भाषा जागच्या जागी राहिली.

पण हा लेख गावाबद्दल नाही. गावी पोहोचायला किती वेळ लागतो, एवढ्या एका प्रश्नाबद्दल आहे. हा प्रश्न मला एकदाच खऱ्या अर्थाने विचारला गेला आणि मी त्याचं उत्तर चुकीचं दिलं.

चार वर्षांपूर्वीचा मे महिना. सोमवारी सकाळी नऊ वाजता, म्हणजे तिकडे रात्री साडेनऊला, दादाचा फोन आला. बाबा गेले होते. संध्याकाळी जेवून अंगणात खाटेवर पडले आणि उठलेच नाहीत. दादा रडत नव्हता. अशा वेळी घरातल्या मोठ्या मुलाला रडायला वेळ नसतो. त्याने एकच विचारलं, "किती वेळ लागते तुले याले? थांबाचं का आमी?"

माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. शेजारी बसून त्याने लगेच टॅबवर दोन शहरांची नावं टाकली. उत्तर आलं: सॅन फ्रान्सिस्को ते नागपूर सुमारे १३,१०० किलोमीटर, विमानप्रवास साधारण १५ तास. मी त्यात इकडचे-तिकडचे चार-पाच तास मिळवले आणि दादाला सांगितलं, "उद्या संध्याकाळी पाच-सहापर्यंत घरी असेन." दादा म्हणाला, "बरं. उन्हं उतरायच्या आत करू मंग." आणि त्याने पांढुर्णा, छिंदवाडा, नागपूर, काटोल, सगळीकडे मंगळवार संध्याकाळचा निरोप पाठवला. सौंसरहून बर्फाच्या लाद्या मागवल्या त्याही मंगळवार संध्याकाळपर्यंत पुरतील एवढ्याच.

तिकीट मी त्यानंतर बघितलं.

त्या दिवशीच्या प्रवासाचा हिशोब मी नंतर कागदावर मांडला. भारतीय वेळेप्रमाणे तो असा होता. सोमवारी रात्री साडेनऊला फोन. मंगळवारी पहाटे तीनला सॅन फ्रान्सिस्कोहून विमान सुटलं. दुपारी दोनला फ्रँकफर्ट. तिथे तीन तास थांबून संध्याकाळी पाचला दुसरं विमान. मंगळवारची रात्र संपून बुधवार लागला तेव्हा, साडेबाराला, दिल्ली. पावणेसहाला नागपूरचं विमान, साडेसातला नागपूर, आणि तिथून गाडीने सकाळी दहाला घर. साडेछत्तीस तास. त्यातले हवेत सव्वावीस आणि जमिनीवर सव्वासोळा. मी दादाला सांगितलेल्या एकूण वेळेच्या जवळपास वेळ निव्वळ जमिनीवर गेला होता. सगळी विमानं वेळेवर होती, सामानही हरवलं नाही. चुकलं होतं ते माझं गणित.

तिकीट हातात आल्यावर मी दादाला पुन्हा फोन केला आणि बुधवार सकाळ सांगितली. तो काही क्षण गप्प राहिला. तोवर माणसं निघाली होती, मे महिन्यातला आमच्याकडचा पारा तुम्हाला माहीत नसेल तर आईबाबांना विचारा. अग्नी मंगळवारी चारलाच दिला. मी फ्रँकफर्टच्या गेटवर खुर्चीत बसून फोनच्या पडद्यावर ते बघितलं. शेजारी एक जर्मन आजी सँडविच खात होत्या. त्यांनी काही न विचारता माझ्यापुढे रुमाल धरला.

पुढे बऱ्याच महिन्यांनी दादा सहज बोलून गेला, "पहिल्याच फोनात छत्तीस म्हटलं असतं ना, तर रातोरात नागपूरहून फ्रीजरची पेटी आणली असती. थांबलो असतो." त्याने ते मला दोष द्यायला म्हटलं नव्हतं, मला ते माहीत आहे.

तर मग ते १३,१०० किलोमीटर आणि १५ तास हे आकडे खोटे होते का? तसंही नाही. ते काय मोजतात हे मला माहीत नव्हतं, एवढंच. परत आल्यावर मुलाने आणि मी एक प्रयोग केला. तो तुम्हीही घरी करून बघा. आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात संत्र्याच्या बागा आहेत, तेव्हा पृथ्वी म्हणून संत्रंच घ्यायचं हे ओघाने आलं. इथलं गोल, घट्ट सालीचं चालतं. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. मधोमध पेनने विषुववृत्त काढा. एका बाजूला सॅन फ्रान्सिस्को आणि जवळजवळ पलीकडच्या बाजूला, थोडं खाली, नागपूर. आता दोन्ही ठिपक्यांमध्ये दोरा ताणून धरा. भिंतीवरचा नकाशा बघून आपल्याला वाटतं की दोरा जपानवरून किंवा युरोपवरून जाईल. प्रत्यक्षात तो घसरत घसरत देठाजवळ जातो. सॅन फ्रान्सिस्कोहून निघून अलास्का ओलांडायचं, सैबेरियाच्या उत्तर किनाऱ्याजवळ सुमारे ७२ अंश अक्षांशापर्यंत चढायचं आणि मग आशिया खंड उभा कापत नागपूरला उतरायचं. गोलावरचं सगळ्यात कमी अंतर ते हेच. वेबसाइट हाच दोरा मोजते, त्याला ताशी ९०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने भागते आणि तास सांगते. या दोऱ्यावरून जाणारं विमान अस्तित्वात आहे की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नसतं.

आणि ते नाहीच. माझा प्रवास फ्रँकफर्टमार्गे झाला तो १६,००० किलोमीटरच्या वर गेला. म्हणजे जवळजवळ तीन हजार किलोमीटर जास्त. नागपूर ते दिल्ली अंतराच्या तिप्पट.

गंमत अशी की अंतर जास्त म्हणजे वेळ जास्त, हेही नेहमी खरं नसतं. एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को ही थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली. तेव्हा विमान युरोप आणि अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी जाताना उलटी दिशा धरली आणि विमान पूर्वेला पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त. वेळ मात्र साडेचौदा तास, आधीपेक्षा सुमारे दोन तास कमी! भागाकार करून बघा. नव्या वाटेने जमिनीच्या हिशोबात विमानाचा वेग ताशी एक हजार पन्नास किलोमीटरच्या घरात जातो, जुन्या वाटेने साडेआठशेसुद्धा होत नाही. विमान तेच होतं. बदलला तो वारा.

साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्याचे पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. पूर्वेला जाणाऱ्या विमानाला ते पाठीवर घेतात, पश्चिमेला जाणाऱ्याला तोंडावर अडवतात. म्हणून भारतातून येताना एक वेळ आणि जाताना दुसरी. कंपन्या रोज त्या दिवसाचा वारा बघून वाट आखतात, त्यामुळे सोमवारचं आणि गुरुवारचं विमान एकाच वाटेने जाईल असंही नाही.

मुलाने इथे मला अडवलं होतं. "पण आई, पृथ्वी फिरतेच आहे ना? मग विमान वर उचलून तिथेच थांबवायचं. इंडिया आपोआप खाली येईल." तुमच्याही घरात हा प्रश्न आला असेल किंवा येईल. उत्तर असं की पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते. धावत्या गाडीत उडी मारली तर आपण मागच्या डब्यात पडत नाही, तसंच. पण पृथ्वीच्या फिरण्याचा वाऱ्यांशी संबंध नक्की आहे. विषुववृत्ताकडची गरम हवा ध्रुवांकडे सरकताना या फिरण्यामुळे पूर्वेला वळते. जेट स्ट्रीमला जोर मिळतो तो त्यातून. म्हणजे त्याचा प्रश्न चुकीचा होता, तरी बोट त्याने बरोबर जागेवर ठेवलं होतं.

वाऱ्याच्या जोडीला माणसांची भांडणं असतात. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपलं आकाश बंद ठेवलं होतं. एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद झालं आणि दिल्लीहून अमेरिकेला येणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरायची वेळ आली. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना मिटलं. संत्र्यावरचा आपला दोरा नेमका तिथूनच जातो. भारतीय कंपन्यांना ती वाट खुली राहिली. ती किती निर्जन आहे हे जून २०२३ मध्ये जगाने पाहिलं. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला येणारं एक विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगदानला उतरलं आणि दोनशेहून जास्त प्रवासी दुसरं विमान येईपर्यंत तिथे अडकले. वेबसाइटवरच्या किलोमीटरला यातलं काही कळत नाही. तुमचं तिकीट काढतानाच्या आठवड्यात कुठलं आकाश उघडं आहे, ते तिकिटावरच्या तासांत दिसतं.

एवढं करून आपण दिल्ली किंवा मुंबई गाठतो. नागपूर उरतंच.

नागपूरबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण ही गोष्ट तिथल्या मुलांनाही फारशी माहीत नसते. भारताच्या मधोमध असल्याचा नागपूरला एकेकाळी प्रचंड उपयोग झाला होता. ३० जानेवारी १९४९ ला रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघायचं आणि चारही विमानं मध्यरात्रीच्या सुमाराला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर भेटायची. थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडेपर्यंत विमानं आपापल्या शहरात परत. मद्रासला रात्री टाकलेलं पत्र सकाळी दिल्लीत. ही सेवा १९७३ पर्यंत चालली. आजच्या मोठ्या कुरिअर कंपन्या सगळी पार्सलं रात्री एका मधल्या शहरात आणून वाटतात, ती युक्ती आपल्या टपाल खात्याने इतक्या आधी चालवून दाखवली होती.

त्याच नागपुरात आज बोईंग कंपनीने बांधलेला विमानदुरुस्तीचा मोठा तळ आहे, मिहानमध्ये. एअर इंडियाची बोईंग ७७७ विमानं तिथे देखभालीला येतात. म्हणजे ज्या जातीच्या विमानात बसून आपण सॅन फ्रान्सिस्कोहून दिल्लीला उतरतो, तीच विमानं माझ्या गावापासून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर जातात. मात्र रिकामी. मला याचं हसूही येतं आणि थोडा रागही येतो. दोहाहून नागपूरला थेट विमान आहे आणि दोहाला इथून थेट जाता येतं, ते जमलं तर मात्र बराच त्रास वाचतो. दिल्लीत उतरल्यावरचं इमिग्रेशन, सामान घेणं, कस्टम, पुन्हा सामान देणं, पुन्हा सुरक्षा तपासणी, हे सगळं टळतं आणि जे काही करायचं ते नागपुरात होतं. मी आता तिकीट बघताना आधी ती जोडणी बघते, वेळापत्रक जुळतंय का आणि चालू आहे का हे तपासून.

आणि शेवटचे ऐंशी-नव्वद किलोमीटर. बाबांच्या तरुणपणी रामाकोन्याहून नागपूरला जायचं म्हणजे नॅरोगेजची गाडी. जायला अर्धा दिवस, आणि घाटाकडून येणारी गाडी उशिरा आली तर त्याहून जास्त. २०१५ च्या शेवटी ती बंद झाली आणि काही वर्षांनी त्याच वाटेवर ब्रॉडगेज आली. आता रस्ताही चांगला आहे, अडीच तास धरले की पुरे. पण मी नागपूरला रात्री अकराला उतरले तर काय? कोणाला तरी तेवढ्या रात्री गाडी घेऊन यावं लागतं, सौंसरच्या पुढे अंधारात परत जावं लागतं. गावातलं कोणी ना कोणी येतंच, पण तो वेळ आणि ती झोप कुणाची तरी असते. ती हिशोबात धरायला हवी.

बाबांच्या तेरवीनंतर आम्ही चौघं, आई, दादा, वहिनी आणि मी, ओसरीवर बसलो आणि हे सगळं बोलून टाकलं. अवघड होतं. वहिनी मध्येच उठून चहा करायला गेली. पण बोललो ते बरं झालं. आता आमच्यात ठरलंय की फोनवर मी तास सांगणार नाही. तिकीट हातात आल्यावर फक्त भारतातला वार, तारीख आणि वेळ सांगायची. "उद्या" हा शब्द तर अजिबात नाही. कारण इथे दुपार झाली की तिकडे तारीख बदलते आणि माझा उद्या आणि दादाचा उद्या हे दोन वेगळे दिवस असतात. तोवर दादाने छत्तीस ते चाळीस तास धरून चालायचं. फ्रीजरची पेटी कुठे मिळते तो नंबर त्याने घरात भिंतीवर लिहून ठेवलाय, कॅलेंडरच्या शेजारी. दिसायला विचित्र दिसतं, पाहुणे विचारतात.

माझ्याकडच्या बाजूला कामं आणखी होती. मुलं इथे जन्मलेली, अमेरिकन पासपोर्टवाली. धाकटीचं ओसीआय तेव्हा काढलेलंच नव्हतं, म्हणून ती आणि तिचे बाबा मागे राहिले. ई-व्हिसाला काही दिवस लागतात आणि तातडीचा व्हिसा द्यायची सोय वकिलातीत असते खरी, पण त्यासाठी अर्ज, कागद, फेऱ्या, आणि इथे तर एकेक तास मोजला जात होता. तुमच्यापैकी जे कॉलेजात आहात त्यांनी एक गोष्ट बघून ठेवा. वयाची २० वर्षं पूर्ण झाल्यावर नवा पासपोर्ट घेतला की ओसीआय एकदा नव्याने काढून घ्यावं लागतं. आईबाबांनी लहानपणी काढून दिलेलं कार्ड खणात आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. आणि आजी-आजोबांच्या गावचं विमानतळ कुठलं, तिथून गाव किती लांब, तिथे रात्री घ्यायला कोण येईल, त्याचा फोन नंबर काय, हे आईच्या फोनमध्ये असतं तसं तुमच्याही फोनमध्ये असू द्या. फोन आल्यावर आईला नंबर शोधता येत नाही. मला आला नव्हता.

त्या ओसरीवरच्या बैठकीत आई बराच वेळ काही बोलली नव्हती. शेवटी म्हणाली, "मायासाठी थांबू नका कोनी. पोट्टी पोहोचते तवा पोहोचते." दादा म्हणाला, "थांबू." ती म्हणाली, "नको." हा वाद अजून मिटलेला नाही. मी कोणाच्या बाजूने आहे हे मलाच ठरवता येत नाही, आणि दोघांनीही मला विचारलेलं नाही.

आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिला ऐकायला थोडं कमी येतं, बाकी ठणठणीत. या डिसेंबरमध्ये आम्ही चौघंही जातोय, धाकटीच्या नव्या ओसीआयसकट. तिकिटं काढली त्या दिवशी मी तिला फोन केला आणि आमच्या नियमाप्रमाणे सांगितलं: गुरुवार, अठरा तारीख, दुपारी साडेचार, घरी.

"म्हंजे चहाच्या वेळेले," ती म्हणाली. "मंग दूध जास्तीचं सांगून ठेवतो."